दोन कुलपांचा बडग्या

इतवारीतल्या आमच्या गोदामाच्या दाराला दोन कुलपं होती. त्या दोन कुलपांनी माझं जेवढं रक्त आटवलं, तेवढं माझ्या सासुरवाडीनेही कधी आटवलं नाही. एक कुलूप ओमप्रकाश शेठचं, पितळी, घासूनपुसून लखलखीत. दुसरं सरकारचं, काळं लोखंडी, वर लाखेची मोहोर. पितळी कुलपाची किल्ली शेठच्या कमरेला. लोखंडी कुलपाची किल्ली धान्य अधिकारी मधुकररावांच्या कोटाच्या खिशात. आणि मी वामनराव, त्या गोदामाचा बाबू, एकही किल्ली नसलेला, दारासमोर स्टूल टाकून बसलेला. आत ज्वारी होती, बाहेर ज्वारीसाठी हिंडणारे लोक होते, आणि लोकांच्या शिव्या खायला मधे मी होतो.

लढाईचे दिवस होते. इंग्रज तिकडे ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढत होता आणि इकडे नागपुरात बायका शेरभर ज्वारीसाठी लढत होत्या. व्यापाऱ्यांनी धान्य दडवू नये म्हणून सरकारने गोदामातला माल जागच्या जागी जप्त केला. माल सरकारचा, गोदाम शेठचं. तिथून आसपासच्या गल्ल्यांतल्या स्वस्त धान्याच्या दुकानांना तो वाटायचा, असा हुकूम. हुकूम चांगला होता. हुकूम चांगलेच असतात, त्यांना काय जातं!

माझं काम साधं. माल आला की फळ्यांवर थप्पी लावून घ्यायची, जुनं पोतं आधी काढायचं, नवं मागून, आणि ज्या दुकानाचा जो वाटा तो त्याला पोचता करायचा. शेठच्या नोकरीत मी हेच करत आलो होतो आणि माझ्या हातून पसाभर दाणा कधी किडला नव्हता. सरकारने मलाच त्या कामावर ठेवून घेतलं. वाटलं, चला, निदान लोकांच्या पोटी जाईल. मी तेव्हा इतका खुळा होतो.

झालं असं, की जप्तीच्या दिवशी सरकारी कुलूप शेठच्या कुलपाशेजारी लागलं आणि भांडणाला तोंड फुटलं. शेठ म्हणे, आधी मालाची पावती द्या, मग मी कुलूप काढतो. मधुकरराव म्हणत, आधी कुलूप काढा, मी आत जाऊन माल मोजतो, मग पावती देतो. मोजल्याशिवाय पावती नाही, पावतीशिवाय दार नाही, दाराशिवाय मोजणी नाही. दोघंही कायद्याने बरोबर होते. ज्यांची पोटं भरलेली असतात त्यांना कायद्याने बरोबर राहायला वेळ असतो.

मी शेठकडे गेलो. शेठ गादीवर लोडाला टेकून पान लावत होता.

"शेठजी, एक किल्ली फिरवायची आहे. लोक उपाशी आहेत."

"वामनबाबू, तुम्ही माझं मीठ खाता की सरकारचं?" शेठ म्हणाला. "अपना माल है, और अपनेच दरवाजे के बाहर खडे हैं. पावती आणा, दार उघडा. मैंने कब ना कहा?"

मी धान्यकचेरीत गेलो. मधुकरराव पुण्याकडचे. बदली होऊन आलेले, नागपूरच्या उन्हाला आणि नागपूरच्या बोलीला सारखेच वैतागलेले.

"हे पाहा वामनराव, मी न पाहिलेल्या मालाची पावती देणार नाही. उद्या आत भुसा निघाला तर नोकरी माझी जाईल. तुमची नव्हे."

"साहेब, मी सांगतो ना, आत ज्वारी आहे. मीच थप्पी लावली आहे."

"तुम्ही शेठचे माणूस," ते म्हणाले आणि समोरच्या कागदात डोकं घातलं.

म्हणजे शेठच्या लेखी मी सरकारचा आणि सरकारच्या लेखी शेठचा. धोब्याचा कुत्रा म्हणतात तो मीच.

तशात पाऊस लागला. आमच्या गोदामाला कौलं होती आणि गल्लीत माकडं होती. पाऊस लागण्याआधीच माकडांनी मागच्या अंगाची कौलं उचकटून ठेवलेली. दाराला कान लावला की आत पाणी टपकताना ऐकू यायचं. टप, टप, टप. ते पाणी पोत्यांवर पडतंय हे मला ठाऊक होतं, कुठल्या थप्पीवर पडतंय तेही ठाऊक होतं. मी पुन्हा शेठकडे धावलो.

"माल सरकारचा ना? मग सरकारने छप्पर दुरुस्त करावं," शेठ म्हणाला.

मी मधुकररावांकडे धावलो.

"इमारत शेठची आहे. दुसऱ्याच्या इमारतीवर सरकारी खर्च करता येत नाही," मधुकरराव म्हणाले.

आता मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी हमालांच्या मुकादमाला, चंपतरावला, हाक मारली. चंपतराव म्हणजे दारात उभा राहिला की आतला उजेड जाईल असा माणूस. बोलायचा हळू, पण इतवारीतला एकही हमाल त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. तो कुठूनशी एक जुनी ताडपत्री घेऊन आला, शिडी लावली आणि छपरावर चढला. अर्धी ताडपत्री पसरून झाली नाही तोच दारावर बसवलेला सरकारी चपराशी ओरडायला लागला. मोहोरबंद गोदामावर चढणं हा गुन्हा आहे म्हणे. त्याने पोलीस शिपाई बोलावला. शिपायाने चंपतरावला खाली उतरवलं आणि ताडपत्री पुरावा म्हणून घेऊन गेला.

ताडपत्री ठाण्यावर कोरडी राहिली. ज्वारी भिजत राहिली.

त्यानंतर वास सुटला. आधी ओल्या बारदानाचा, मग आंबूस, मग ज्याला नावच देता येणार नाही असा. गल्लीत प्रयागबाई राहायची. आमच्या गोदामात धान्य पाखडणाऱ्या आणि फाटकी पोती दाभणाने शिवणाऱ्या बायांची ती म्होरकी. गोदाम बंद, तर तिचं कामही बंद. तिची लेक सुभद्रा बाळंतपणाला आलेली, आणि पोरगं महिन्याच्या आतलं. एका सकाळी ती दारासमोर आली आणि नाक वर करून उभी राहिली.

"काहून जी बाबूजी, हा वास कायचा येऊन राहिला?"

मी स्टुलावरून उठलो.

"दुकानदार म्हन्ते, माल नाही आला. तुमी म्हन्ता, दार नाही उघडलं. अन् माह्या नाकाले त ज्वारी सडल्याचा वास येऊन राहिला." तिने दाराच्या फळीवर थाप मारली. "माह्या पोरीले तरोट्याच्या भाजीबिगर काही नाही भेटून राहिलं. तिले दूध नाही फुटत. लेकरू रडू रडू काळंनिळं होते. अन् इथं पाण्यात घालून सडवता? कोनाच्या तेराव्याले ठेवली होय ही ज्वारी?"

"प्रयागबाई, किल्ली माझ्याकडे नाही."

"मंग कुलूप तरी काहून राखून राहिले?"

मी स्टूल उचललं आणि भिंतीवर आपटलं. त्याचा एक पाय मोडला. चपराशाने त्याचीही नोंद घेतली असेल.

आता पोळ्याचं सांगतो, कारण पुढलं सगळं त्यावर आहे. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत हे कोणालाही ठाऊक आहे. पण इतवारीतले हमाल पोळा स्वतःचाही पाळत. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळदीतुपाने शेकतात ना, तसे हे एकमेकांच्या पाठी शेकत. म्हणत, बैलाले सुट्टी, मग आपण काय त्याच्याहून गेलो? पोळ्याच्या दिवशी मजुरीचं पोतं पाठीवर घेणं म्हणजे महापाप. पाप मजुरीचं, ओझ्याचं नाही. मागच्या पोळ्याला चंपतरावने लकवा झालेल्या एका म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. मी विचारलं, आज कसं उचललं? तो म्हणाला, त्याचे पैसे थोडीच घेतले, मंग ते काम कायचं?

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी गोदामावर आलो तर दारासमोर बग्गी उभी. बग्गीतून ओमप्रकाश शेठ उतरला, त्याच्या मागून मधुकरराव उतरले. एकाच बग्गीतून! इतके दिवस ज्यांची तोंडं दोन दिशांना होती ते आज एकमेकांना "आप पहले" करत होते. मला वाटलं, देवाला दया आली. कसली दया! दुसऱ्या दिवशी मोठे साहेब गोदाम पाहायला येणार असल्याची तार आली होती. उपाशी लोकांनी जे जमलं नाही ते एका तारेने केलं.

दोन्ही किल्ल्या फिरल्या. दार उघडलं आणि आतून जी वाफ आली तिने मधुकरराव चार पावलं मागे सरले. दारापाशी असलेल्या थप्प्या बऱ्या होत्या, कोरड्या. पण मागचं अर्धं गोदाम काळं पडलेलं. पोत्यांना बाहेरून कोंब फुटलेले, हात लावला तर बारदान गरम. खालची पोती फुगून फुटली होती आणि त्यातून चिकट काळा लगदा वाहत फळ्यांवर आलेला. मी थप्पीवर हात ठेवला. ती मी लावली होती. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि ज्यांच्यावर ओरडायचं ते दोघं नाकाला रुमाल लावून एकमेकांशी कुजबुजत होते.

मग मधुकररावांनी बेत सांगितला. सडलेला माल संध्याकाळच्या आत नाग नदीत टाकायचा. चांगली पोती पुढे, नीट, पाहणाऱ्याला गोदाम भरलेलं दिसेल अशी रचायची. साहेब पाहून जातील, मग वाटपाचं बघू.

"म्हणजे चांगला माल आजही वाटायचा नाही?" मी विचारलं.

"साहेबांना दाखवायला काही नको का?" मधुकरराव म्हणाले. "हमाल बोलवा."

चंपतराव आला. अंगावर धुतलेला सदरा, कपाळाला गुलाल, पाठीवरची हळद सदऱ्यातून उमटलेली. मागे त्याचे हमाल, तसेच.

"आज पोळा होय साहेब," तो म्हणाला. "आज आमी पोतं नाही उचलत."

"दुप्पट मजुरी देतो."

"पैशाची गोष्ट नोका करू."

"तिप्पट."

चंपतराव हसला नाही, रागावलाही नाही. "साहेब, आज बैल बी ईकत भेटत नाही."

मधुकररावांचा आवाज चढला. पोलीस, तुरुंग, लढाईच्या काळात कामाला नकार म्हणजे काय होतं माहीत आहे का, वगैरे सगळं झालं. गेल्या वर्षी ऑगस्टात, चले जावच्या वेळी, या गावाने गोळ्या पाहिल्या होत्या. हमाल नुसते ऐकत उभे राहिले. तोवर दार उघडल्याची बातमी गल्लीत पसरली होती. प्रयागबाई आली, तिच्या मागे पाखडणाऱ्या बाया आल्या, त्यांच्या मागे कोष्ट्यांच्या वस्तीतल्या बाया आल्या. कोणी ओरडलं नाही. त्या दारासमोर बसल्या आणि आत पाहत राहिल्या. शेठने पहिल्यांदा घाम पुसला.

चंपतरावने एकदा बायांकडे पाहिलं, एकदा थप्पीकडे, आणि मग तो हळूच बोलला.

"एक करतो साहेब. मजुरी नाही घेत, म्हनून आज उचलतो. पन चांगलं पोतं सीधं दुकानात जाईन. दुसरीकडे कुठंच नाही. सडकं आज नाही उचलत. ते उद्या."

"उद्या साहेब येणार!"

"साहेबाच्या आंधी निंगन गोदामातून."

मधुकररावांच्या डोक्यात चक्र फिरताना मला दिसत होतं. दारात इतक्या बाया, गावात दुसरा हमाल नाही. आणि वाटप पूर्ण झालेलं, रिकामं, झाडलेलं गोदाम साहेबांना दाखवायला वाईट काय? पोती बाहेर पडताना मोजली की पावतीचाही प्रश्न मिटत होता. शेठने तर मान आधीच डोलावली होती.

"ठीक आहे," मधुकरराव म्हणाले. "उद्या उजाडताच. कुठून नेता, कसं नेता, तुमचं तुम्ही बघा. मला ते गावाबाहेर गेलेलं हवं."

"गावाबाहेरच नेतो साहेब," चंपतराव म्हणाला. "वाजतगाजत नेतो."

मधुकररावांना तो विनोद वाटला. ते हसले. पण ओमप्रकाश शेठ जन्माने इतवारीतला. त्याचं पान चघळणं थांबलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काय असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने चंपतरावकडे पाहिलं, मग मधुकररावांकडे पाहिलं, आणि तो गप्प बसला. त्याने मनाशी हिशेब केला असणार की नाव निघेल ते सरकारचं निघेल, आपल्या बापाचं काय जातं!

त्या दिवशी हमालांनी जसं काम केलं तसं पैसे घेऊन कधी केलं नव्हतं. बायाही पोत्यांची टोकं धरत होत्या. दुपार कलायच्या आत चांगली ज्वारी दुकानात होती आणि वाटप सुरू होतं. प्रयागबाईने तिचा वाटा पदरात घेतला आणि पळतच घरी गेली. थोड्या वेळाने तिच्या घरातून जात्याचा आवाज यायला लागला. मी तो ऐकत गोदामाच्या दारात उभा होतो. मला आनंद व्हायला हवा होता. पण वळून पाहिलं की मागे तेवढीच ज्वारी काळी होऊन पडलेली होती, आणि प्रत्येक सडक्या पोत्यामागे मला कोणाच्या तरी घरचं बंद जातं दिसत होतं.

मधुकरराव आणि शेठ जेवायला निघून गेले होते. चांगल्या मालाला दोन कुलपं लावणारे लोक सडलेल्या मालाला एकही लावायला थांबले नाहीत. उघडी कुलपं कडीला तशीच लोंबत होती, एक पितळी, एक लोखंडी, लाखेच्या मोहोरेचा तुकडा अजून चिकटलेला.

संध्याकाळी चंपतराव माझ्याकडे आला. त्याच्या मागे प्रयागबाई, हातात दाभण आणि सुतळी.

"बाबूजी, कुलपं पाह्यजे होती," तो म्हणाला.

"कशाला?"

"गळ्यात घालाले."

मी समजलो. पोळ्याच्या पाडव्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, इतवारीतून मारबती निघतात, बायांचे दोन मोठे पुतळे, एक काळी आणि एक पिवळी, आणि त्यांच्या मागे बडगे. ज्याने वर्षभर लोकांना छळलं त्याचा पुतळा करायचा, गावभर मिरवायचा, शिव्या घालायच्या आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. कधी रोगाचा बडग्या, कधी सावकाराचा. त्या वर्षी कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

ती कुलपं माझी नव्हती. एक दिलं तर शेठ मला हाकलणार, दुसरं दिलं तर सरकार. घरी बायको होती, आई होती. हे सगळं मला त्या क्षणी आठवलं, नाही असं नाही. पण इतके दिवस मी दोघांकडे तोंड वेंगाडत फिरलो होतो आणि माझा राग कुठे ठेवायचा हे मला कळत नव्हतं. मी दोन्ही कुलपं कडीतून काढली आणि चंपतरावच्या हातात आपटली.

"खटका दाबून नीट लावा," मी म्हणालो. "निघता कामा नयेत."

प्रयागबाईने सडक्या पोत्यांचा पुतळा शिवला. धड एक, मुंडकी दोन, एक पूर्वेकडे पाहणारं, एक पश्चिमेकडे. पोटात तीच काळी ज्वारी भरली. एका गळ्यात पितळी कुलूप अडकवलं, दुसऱ्या गळ्यात लोखंडी. उरलेला सडका माल हमालांनी हातठेल्यांवर चढवला आणि बडग्याच्या मागे रांगेत लावला.

सकाळी मारबत निघाली. साऱ्या इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. डफडी वाजत होती, माणसं नाचत होती, आणि आमचा बडग्या आला की गर्दी नाक दाबून दोन्ही बाजूंना सरकत होती आणि मग दुप्पट जोराने ओरडत होती.

"इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!"

आणि चंपतरावचे हमाल त्यात आपली भर घालत होते, "कुलपं घेऊन जा गे मारबत! किल्लीवाले घेऊन जा गे मारबत!"

गल्लीच्या तोंडाशी मोठ्या साहेबांची मोटार अडकून उभी होती. आत गोरा साहेब, शेजारी मधुकरराव, मोटारीबाहेर फेटा बांधून ओमप्रकाश शेठ हार घेऊन उभा. बडग्या मोटारीसमोर आला आणि हमालांनी तो मुद्दाम थांबवला. काळा लगदा पोत्यातून गळून रस्त्यावर पडत होता. साहेबाने काहीतरी विचारलं. मधुकरराव घाईघाईने सांगू लागले, हात हलवत. धार्मिक प्रथा आहे, असंच काहीतरी सांगत असणार. शेठने हाताने गर्दीला पुढे जायची खूण केली, आणि तेव्हा त्याची नजर एका मुंडक्याच्या गळ्यातल्या पितळी कुलपावर गेली. त्याच्या आजाच्या वेळचं कुलूप ते, साऱ्या इतवारीला ओळखीचं. हार त्याच्या हातातच राहिला.

प्रयागबाईने ठेल्यावरच्या पोत्यात हात घातला आणि मूठभर सडकी ज्वारी मोटारीच्या तोंडावर फेकली.

"हे घ्या तुमचं वाटप," ती म्हणाली. "माह्या नातवाच्या वाट्याचं होय हे."

साहेबाने लाखेची मोहोर पाहिली. मी त्याच्याकडेच पाहत होतो, त्याने नक्की पाहिली. त्याचं तोंड लाल झालं. आता काहीतरी होईल, असं मला वाटलं. त्याने काच वर केली आणि मोटार मागे घ्यायला सांगितली. एवढंच झालं.

गावाबाहेर बडग्या पेटवला, तर तो पेटेना. बाकीचे बडगे भडकून राख झाले. आमचा नुसता धुमसत राहिला, घाण, काळा धूर काढत. चंपतरावने रॉकेल ओतलं, तेवढ्यापुरती ज्योत उठली आणि विझली. ओली ज्वारी जळत नाही. प्रयागबाई काठीने ढोसत होती आणि रडत होती. "जयत बी नाही मेलं," म्हणत होती.

तिसऱ्या दिवशी मला बडतर्फीचा कागद मिळाला. सरकारी मालमत्तेची आणि शेठच्या मालमत्तेची अफरातफर. खाली मधुकररावांची सही, शेजारी ओमप्रकाश शेठची, एकाच टाकाने, एकाच बैठकीत केलेली. पावसाळाभर ज्यांना एका दारात एकत्र येता आलं नाही, ते मला काढायला एका टेबलावर बसले.

पुढच्या आठवड्यात स्टेशनावरून नवी ज्वारी आली. मी समोरच्या भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. ठेले गोदामासमोर लागले. दाराच्या कडीत दोन कोरी कुलपं लोंबत होती. वर आभाळ भरून आलेलं. चंपतराव पुढे गेला, त्याने कुलपं पाहिली आणि तो पोत्यांवर जाऊन बसला. त्याचे हमालही बसले.

"दोन कुलपांच्या गोदामात आमी माल नाही टाकत," तो म्हणाला.

"अरे, पाऊस येतोय! माल भिजेल!" मधुकरराव ओरडले.

"भिजू द्या साहेब. आत बी भिजतेच."

गल्लीतल्या बाया बाहेर येऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांत पुढे प्रयागबाई, कडेवर नातू. शेठ मधुकररावांकडे पाहू लागला, मधुकरराव शेठकडे. पहिला थेंब पडला. दुसरा पडला. शेठ पुढे झाला, त्याने कमरेची किल्ली काढली आणि आपलं कुलूप काढून खिशात टाकलं. मधुकररावांनी सरकारी कुलूप उघडून दार ढकललं. चंपतराव उठला आणि त्याने पहिलं पोतं पाठीवर घेतलं.

मी ओट्यावरून पाहत होतो आणि मनात शिव्या घालत होतो. एक कुलूप काढायचं होतं. हाताच्या एका हालचालीचं काम. ते शेठला पहिल्या दिवशीही येत होतं.